दारणाकाठ, बिबट्या आणि आम्ही : कामाच्या नोंदी (जून 2024 ते मार्च 2025)

आमचं गाव नाशिक तालुक्यात, दारणेच्या काठी. नाव लिहीत नाही. बिबट्याच्या गावाचं नाव फिरलं की दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन लोक बांधावर उभे राहतात. ऊस, थोडी द्राक्षबाग, मळ्यामळ्यांत विखुरलेली घरं आणि खाली नदी. आसपासच्या गावांतली मंडळी विचारतात की बिबट्याच्या बाबतीत तुम्ही नक्की केलं काय, म्हणून या प्रश्नावर काम करणाऱ्या आमच्या गावातल्या गटाच्या वहीतल्या नोंदी देतो आहे. भाषा थोडी नीट केली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.

18 जून 2024

मारुतीच्या पारावर बैठक. आबांच्या मळ्यातून कालवड गेली, त्यावरून. मागणी एकच होती, पिंजरा लावा. आमच्या भागाचे वनरक्षक आले होते. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिंजऱ्यालाही वरून परवानगी लागते, असं त्यांनी सांगितलं आणि लोक भडकले. 2020 साली याच दारणाकाठच्या गावांत लहान पोरं आणि म्हातारी माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ती भीती अजून प्रत्येक घरात आहे. तिला कुणी अडाणीपणा म्हणू नये.

मी जुन्नरचा अनुभव सांगितला. तिथं 2001 ते 2003 या काळात उसातले बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला माणसांच्या वाटेत भटकत राहतो.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग नाना उठले. "जुन्नरचं राहू दे बाबा. दिवाळीत माझ्या दोन शेळ्या गेल्या. पंचनामा झाला, सह्या झाल्या. पैसा कुठंय?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. बैठक तिथंच मोडली.

23 जून

गटाच्या पोरांशी बोलून ठरवलं : पोस्टर नाही, व्याख्यान नाही, शाळेत चित्रफीत नाही. आधी गावातली रखडलेली भरपाईची प्रकरणं शोधायची. ज्याचं नुकसान झालं त्याला पैसे मिळेपर्यंत तो आपलं काहीही ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

30 जून

घरोघर फिरून प्रकरणं गोळा केली. काय अडलं होतं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गावांत हेच निघेल.

नानांची रक्कम मंजूर झाली होती. पण त्यांच्या बँकेचं विलीनीकरण झालं, आयएफएससी कोड बदलला आणि पैसे परत गेले. कुणी कळवलं नाही. नव्या पासबुकाची झेरॉक्स वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात दिली.

दोघांनी मेलेली शेळी पंचनाम्याआधीच नदीत टाकली होती. वास सुटला, पोरंबाळं घरात, मग टाकणार नाही तर काय. पण जनावर जागेवर नसेल तर बिबट्यानेच मारलं हे ठरवायचं कशावरून? ही दोन्ही प्रकरणं गेलीच.

एकाने चौथ्या दिवशी कळवलं. घटना 48 तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायची असते, हे गावात जवळपास कुणालाच माहीत नव्हतं.

आणि एक कुटुंब पेठ तालुक्यातलं, वाट्याने शेती करणारं, दुसऱ्याच्या मळ्यात राहणारं. त्यांची गाभण शेळी गेली होती. त्यांनी अर्जच केला नव्हता. "जमीन तुझ्या नावावर नाही, तुला काय मिळणार," असं कुणीतरी सांगून ठेवलेलं. भरपाई जनावराच्या मालकाला मिळते, सातबाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. ही एक गोष्ट कळली असती तर त्या घराला पैसे मिळाले असते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

2024 मधले दर असे होते : शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. गाय, म्हैस, बैल यांना 75 टक्के किंवा 70,000, यांतली कमी.

7 जुलै

पंचनाम्याची पिशवी तयार केली. प्रत्येक वस्तीवर एक. आत काय : जाड प्लॅस्टिकचा ताडपत्री तुकडा, चार दगडांना बांधायला सुतळी, चुन्याची पुडी, मोजपट्टी, कोरे अर्ज, लागणाऱ्या कागदांची यादी, वनरक्षक, वनपाल आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचे नंबर, वन विभागाची हेल्पलाइन 1926. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत : जनावर हलवू नका, झाका, फोटो काढा, लगेच फोन करा.

एका पिशवीला 260 रुपयांच्या आसपास खर्च आला. वर्गणी काढली.

पिशवी कुणाच्या घरी ठेवायची यावर वाद झाला. सरपंच म्हणाले, सदस्यांकडे. आम्ही ती ज्या घरात दिवसा बाई असते आणि फोन लागतो, तिथं ठेवली. सदस्य बऱ्याचदा बाजार समितीत नाहीतर तालुक्याला असतात.

22 जुलै

पिशवीचा पहिला उपयोग. पहाटे नदीकडच्या वस्तीवरून एका ताईंचा फोन, शेळी गेली. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी शेळी झाकून, कडेने चुना मारून ठेवली होती. ओल्या मातीत माग स्पष्ट होते, त्यांच्यावर पाटी पालथी घातलेली. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढले. वनरक्षक सकाळी आले, डॉक्टर दुपारी. गळ्याला सुळ्यांच्या खुणा. पंचनामा त्याच दिवशी पुरा झाला.

डॉक्टरांना आणायला आमच्यातला एक जण मोटारसायकलने गेला. पशुवैद्यकाकडे बरीच गावं असतात, ते आपोआप येतील म्हणून बसलं की दिवस जातो. पेट्रोल आपलं घालून आणावं.

संध्याकाळी शेळी जागेवरच राहू द्यायचं ठरलं. मालकीणबाई तयार नव्हत्या, पुन्हा येईल म्हणाल्या. वनरक्षकांनी समजावलं की तो मारलेल्यावर परत येतो, ते नेलं तर भुकेला दुसरी धरतो. बाकीच्या शेळ्या शेजारच्या पक्क्या खोलीत हलवल्या. रात्री तो येऊन खाऊन गेला. त्या आठवड्यात वस्तीवर दुसरं जनावर गेलं नाही.

15 ऑगस्ट

ग्रामसभा. नानांच्या खात्यावर पैसे आले होते, आणि त्यांनी ते सभेत स्वतः सांगितलं. त्यानंतर पुढचा विषय मांडायला मला पाच मिनिटंही झगडावं लागलं नाही.

विषय होता मेलेल्या कोंबड्यांचा. शिवारात पोल्ट्रीची शेड आहेत, मेलेले पक्षी गोण्यांत भरून ओहोळात पडतात. तिथं कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे. खाद्याच्या वजनात 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच. कारण शेळी रात्री कोंडली जाते, कुत्रं मोकळं असतं. सभेत टक्केवारी नाही सांगितली, एवढंच विचारलं की गेल्या वर्षात कुणाकुणाची कुत्री गेली. निम्म्याहून जास्त हात वर झाले. कुत्र्याची भरपाई नाही, म्हणून कुणी कधी नोंदच केली नव्हती.

ठराव झाला : प्रत्येक पोल्ट्रीने आपल्या जागेत खोल खड्डा घ्यायचा, चुना टाकायचा, वर झाकण.

सभेत कोण नव्हतं, तेही लिहितो. वाट्याने शेती करणारे, सालगडी, बायका. रात्री बाहेर असतात ते हेच, उघड्यावर शौचाला बसावं लागतं ते यांनाच. बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर वस्त्यांवर वेगळ्या बैठका घेतल्या. पोरांना अंधार पडल्यावर एकटं पाठवू नये, बाहेर जाताना दोघं मिळून, काठी आणि बॅटरी, मोबाईलवर गाणं लावून, हे तिथं बोललो. त्यांच्याकडून जे कळलं ते जास्त कामाचं होतं : कुठल्या चारीवरून तो उतरतो, कुठल्या आंब्याखाली बसतो, मादीबरोबर पिल्लं आहेत. पारावरच्या बैठकीत यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं.

29 ऑगस्ट

गोठ्याचं काम फसलं. नीट लिहितो.

शेळ्यांच्या पहिल्या तीन वाड्यांना षटकोनी कोंबडी जाळी लावली होती. स्वस्त मिळाली. एका वाड्यात बिबट्याने जाळी पंजाने ओढून वाकवली, पण आत शिरता आलं नाही. दुसऱ्यात तो जाळीला हातही न लावता भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून उतरला. वाऱ्यासाठी ठेवलेली दीड फुटाची फट. एक शेळी आणि दोन करडं गेली. तो वाडा आम्ही "पक्का" म्हणून दाखवत होतो.

आता जे करतो ते असं : चारी बाजूंनी दोन इंच चौकोनाची 10 गेज वेल्डमेश जाळी, लोखंडी अँगलच्या चौकटीला वेल्ड केलेली. तारेने बांधायची नाही, तार सुटते. जमिनीपासून तीन फूट आतून पत्रा, म्हणजे जाळीला टेकून बसलेल्या शेळीला बाहेरून पंजा लागत नाही आणि तिला बाहेरचं दिसतही नाही. जाळी जमिनीत एक फूट गाडायची. पत्र्याखालची फट जाळीनेच बंद, वारा राहतो. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या. एक कडी असली की दार खालून वाकतं.

दहा-बारा शेळ्यांच्या वाड्याला जाळी, अँगल, पत्रा, वेल्डरची मजुरी मिळून 14 ते 15 हजार लागतात. आधीच्या तीन वाड्यांचे पैसे वाया गेले.

12 सप्टेंबर

उघडझाप करणारे सौर दिवे लावले होते, वेगवेगळ्या रंगांचे. पहिले काही आठवडे बरे वाटले. मग एका शेतकऱ्याच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिव्याखालून निवांत जाताना दिसला. दिवे काढून अंगणात नेहमीचे साधे बल्ब लावले. त्याने निदान माणसाला दिसतं. दिव्यांवर पैसे घालू नका, जाळीवर घाला.

कुत्र्यांच्या नसबंदीसाठीही फिरलो. गाडी घेऊन ग्रामीण भागात यायला कुणी तयार झालं नाही. हे काम तसंच राहिलं आहे.

2 ऑक्टोबर

ग्रामसभेत दिवसा विजेचा ठराव. शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) थ्री फेज वीज आठ तास, पाळीपाळीने दिवसा आणि रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस रात्री एक वाजता उसात मोटार चालू करायला आणि बारं मोडायला (पाणी दुसऱ्या सरीला वळवायला) जातो, एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बॅटरी. आपण त्याला सांगायचं की रात्री एकटा जाऊ नको, आणि वीज द्यायची रात्रीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून दिवसा वीज देता येते, त्यासाठी सौर प्रकल्पाला जागा हवी. गायरानाचा एक तुकडा सुचवून ठराव पाठवला. उत्तर आलेलं नाही.

तोवर नदीकडच्या मळ्यांनी रात्रीच्या पाळीला जोडी करायचं ठरवलं, शेजारी शेजाऱ्याच्या मोटारीला. हे मात्र लगेच सुरू झालं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

17 ऑक्टोबर

परवा विधानसभेची आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीकडून वाड्यांसाठी जो वाटा मिळायचा होता, तो निवडणूक होईपर्यंत अडकला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर. ज्यांना पैसे ग्रामपंचायतीतून हवे आहेत त्यांनी निवडणुकीच्या तारखा आधी बघाव्यात. आमचा महिन्याहून जास्त वेळ यात जाणार.

मधल्या काळात असं ठरवलं : मळ्याच्या मालकाने अँगल आणि पत्रा द्यायचा, शेळीवाल्याने अंगमेहनत, जाळी गटाच्या वर्गणीतून. वाट्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी होती. मळा सोडला की वाडा तिथंच राहणार, मग ते पैसे का घालतील? आमच्या वेल्डरने उपाय काढला. प्रत्येक बाजू वेगळ्या चौकटीत, कोपऱ्यांना नट-बोल्ट. अर्ध्या तासात सुटतो, ट्रॉलीत बसतो. थोडा महाग पडतो, पण शेळीबरोबर वाडाही जातो.

28 ऑक्टोबर

वसुबारस. आमच्याकडे राहणारी पेठ-सुरगाण्याकडची कोकणा कुटुंबं याच दिवशी वाघबारस करतात. त्यांच्या गावी लाकडी फळीवर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेला वाघदेव असतो. इथं तो नाही, म्हणून त्यांनी बांधावर दगड मांडून शेंदूर लावला. गटातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मळ्याचे मालकही आले, बरेच जण पहिल्यांदाच.

तिथं एक म्हातारे बाबा म्हणाले, वाघाला त्याचा वाटा असतो, पण गुराख्याने झोपायचं नाही. त्यांच्याकडे जो माणूस गुरं राखतो त्याची जबाबदारी आणि वाघाचा वाटा दोन्ही एकत्र मानले जातात. भरपाई, पिंजरा, कायदा यांबद्दल आम्ही इतके महिने बोलत होतो, आणि गावात आधीपासून राहणाऱ्या या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं की तुमच्याकडे कसं करतात. त्या रात्री त्यांच्यातली दोन तरुण पोरं गटात आली. रात्रीच्या फेरीत माग ओळखायला त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी नाही.

24 नोव्हेंबर

उसाचा गाळप हंगाम 15 पासून सुरू, पण मतदान 20 ला असल्यामुळे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उशिरा आल्या. टोळीच्या मुकादमाने कोप्या (मजुरांच्या झोपड्या) नेहमीच्या जागी टाकल्या : उभ्या उसाला लागून, पाणी जवळ म्हणून. कोपीत तान्ही पोरं, बाहेर बांधलेले बैल, पहाटे अंधारात फडात जाणाऱ्या बायका.

कोप्या हलवा म्हटल्यावर मुकादम नाही म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं, दुसऱ्या जागी पाणी नाही. मग ग्रामपंचायतीच्या टाकीवरून पाईप टाकला, माळावर सपाट जागा करून दिली, दोन बल्ब. जेसीबी तासाला 1,200. कोप्या उसापासून लांब गेल्या. लहान पोरांना फडाच्या कडेला झोळीत न ठेवता अंगणवाडीत ठेवायचं ठरलं. अंगणवाडीताई तयार झाल्या, मात्र त्यांची वेळ सकाळी उशिरा सुरू होते आणि तोड पहाटे. मधले तास गटातल्या दोन घरांनी पोरं सांभाळली. हा प्रश्न पुढच्या वर्षीही राहणार.

10 डिसेंबर

सकाळी सव्वासातला फडातून फोन. पाचटात (उसाच्या वाळलेल्या पाल्यात) बिबट्याची तीन पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले.

कोयते थांबवणं पहिलं काम. टोळी फडाच्या दुसऱ्या टोकाला गेली. आमच्या आधी गावातली काही पोरं पोचली होती आणि एकाने पिल्लू उचलून फोटो काढला होता. त्याला ओरडण्यात वेळ घालवला नाही, पिल्लू होतं त्याच जागी ठेवायला लावलं आणि सगळ्यांना बांधाबाहेर काढलं. पोलीस पाटलांनी रस्ता अडवला. वन विभागाची गाडी दहाच्या आत आली. डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं तपासली. धडधाकट होती.

खरा प्रश्न शेतकऱ्याचा. अर्धा ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि गाडी आज भरली नाही तर कारखान्याचा नंबर जातो. टोळीची त्या दिवसाची मजुरीही बुडणार. तोडलेला ऊस वरच्या बांधाने बाहेर काढून गाडी भरली. टोळीला शेजारच्या फडात तोड दिली, मालक तिथेच होता, तो लगेच हो म्हणाला. पिल्लं सापडलेल्या कोपऱ्यातला थोडा ऊस उभा ठेवला. या सगळ्याला वनरक्षकांपेक्षा मुकादमाचा फोन जास्त कामी आला.

संध्याकाळी पिल्लं एका क्रेटमध्ये, त्याच जागी, वर पाचट. समोर ट्रॅप कॅमेरे, हालचाल झाली की आपोआप टिपणारे. बाकी सगळे माळावर. जीव खालीवर होत होता. आई आली नाही तर पिल्लं पिंजऱ्यात वाढणार, आणि आई पिल्लांना शोधत वस्त्यांवर फिरणार.

रात्री ती आली. क्रेट पाडलं, एक पिल्लू तोंडात धरून गेली. काही वेळाने दुसरं. तिसरं सकाळी क्रेटजवळच होतं.

11 डिसेंबर

तिसरं पिल्लू दिवसभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवलं. नऊच्या सुमारास तिने नेलं. कॅमेऱ्यातली चित्रफीत टोळीला दाखवली. ज्या बाईला पिल्लं पहिल्यांदा दिसली होती, तिने ती पुन्हा पुन्हा बघितली.

चित्रफीत कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही असं ठरलं, आणि कुणी टाकली नाही.

5 जानेवारी 2025

व्हॉट्सॲपमुळे एक रात्र गेली. "शाळेजवळ वाघ" म्हणून फोटो फिरला, शंभरेक माणसं काठ्या घेऊन जमली. फोटो आमच्या गावाचा नव्हताच, मागे दिसणारं झाड इथं नाही. पण गर्दी ही खरी भीती. 25 जानेवारी 2019 ला नाशिकच्या सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांच्या गराड्यात त्याला निघायला वाट राहिली नाही, आणि नगरसेवक व पत्रकार जखमी झाले. बिबट्याला वाट मोकळी असली तर तो अंधार पडल्यावर स्वतः निघून जातो.

नवा नियम : ग्रुपवर फोटो टाकायचा असेल तर जागा, वेळ आणि स्वतःचं नाव. खात्री करायला वस्तीवरच्या पिशवीवाल्या घरी फोन. ग्रुपचा अॅडमिन म्हणून पोलीस पाटील. अफवा बंद झाल्या नाहीत, कमी झाल्या.

26 जानेवारी

ग्रामसभेत पुन्हा पिंजऱ्याची मागणी. एक नर दिवसाढवळ्या वस्तीजवळ बसतो आहे, माणूस बघून हलत नाही, सायकलवरच्या एकाच्या मागे आला. गटात मतभेद झाले. काहींचं म्हणणं, आपण पिंजरा नको म्हणत आलो, आता कसं मागायचं. माझं मत वेगळं आहे आणि ते सभेत मांडलं. शेळी नेली म्हणून पिंजरा नको. माणसाला न घाबरणारा, माणसामागे येणारा बिबट्या असेल तर पिंजरा त्याच दिवशी हवा, आणि त्यासाठी आपण गावाच्या पुढे उभं राहायला हवं. एक मूल गेलं तर इतक्या महिन्यांचं काम त्याच संध्याकाळी संपेल, आणि संपलंच पाहिजे.

वर्तनाच्या नोंदी तारीख-वेळेसह आमच्याकडे होत्या, कारण वस्त्या आता सगळं कळवतात. त्या अर्जाला जोडल्या. परवानगीचं काम त्यामुळे सोपं झालं असं परिक्षेत्र अधिकारी म्हणाले.

6 फेब्रुवारी

नर पिंजऱ्यात आला. ट्रॅप कॅमेऱ्यातल्या फोटोशी अंगावरचे ठिपके जुळवून तोच असल्याची खात्री केली, प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. पुढच्या डाव्या पंजाला जुनी जखम होती. वन विभाग घेऊन गेला.

18 फेब्रुवारी

विहिरी. कठडा नसलेल्या विहिरींची यादी काढली. कुत्र्यामागे धावताना बिबट्या विहिरीत पडतो, मग गर्दी, मग धोका. त्याला वर काढायला बाज (खाट) दोरांना बांधून खाली सोडायची तयारी ठेवली आहे, पण कठडा बांधणं हे खरं काम. एका कठड्याला वीस हजारांच्या वर जातात. जुन्या, न वापरातल्या विहिरींवर निदान जाळी टाकायला सुरुवात केली. माणसं आणि गुरंही पडतात, त्यामुळे यासाठी कुणाला समजवावं लागलं नाही.

9 मार्च

टोळ्या परत निघाल्या. या हंगामात कोप्यांवर हल्ला झाला नाही. एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही, पण लिहून ठेवतो.

जुलैनंतरच्या प्रत्येक शेळीचा पंचनामा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झाला. एक प्रकरण अजून अडकलं आहे, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं.

राहिलेली कामं : दोन पोल्ट्र्यांनी खड्डा घेतलेला नाही, त्यांना ग्रामपंचायतीची नोटीस. कुत्र्यांचा प्रश्न. दिवसा विजेच्या ठरावाचा पाठपुरावा. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला आहे, पुढच्या वर्षी टोळी निघण्याआधीच कोप्यांची जागा आणि पाईप तयार ठेवायचा. सुटा वाडा अजून चार कुटुंबांना हवा आहे.

नदीपलीकडच्या गावातून काल तिघे जण आले होते. त्यांना ग्रामसभेत बोलायला माणूस हवा होता. आम्ही त्यांना आधी त्यांच्याकडची रखडलेली प्रकरणं गोळा करून आणायला सांगितलं आणि दोन पिशव्या दिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर परिक्षेत्र कार्यालयात जायचं आहे.